पायाची नस दबलीय की तुंबलीय?

‘नस’ हा शब्द आपल्याकडे दोन वेगळ्या गोष्टींना लागतो. कमरेच्या मणक्यातून पायाकडे जाणारा मज्जातंतू हीही नस, आणि पायात रक्त नेणारी धमनी हीही नसच. मग ‘चाललं की पाय भरून येतात, नसेचा त्रास आहे’ एवढंच कळून माणूस घरी येतो आणि कुठल्या नसेचा, हे राहूनच जातं. साठीनंतर दोन्ही दुखणी सर्रास दिसतात. दोन्हींत थोडं चाललं की थांबावं लागतं आणि दोन्हींवर हल्ली छोट्या छेदातून इलाज होतो. पण एकात पाठीला चीर देऊन हाड कोरतात, दुसऱ्यात जांघेतून तार घालून धमनी उघडतात. गल्लत झाली तर ऑपरेशन व्यवस्थित होतं आणि पाय तसाच दुखत राहतो.

ओळखायला कोकणातली पाखाडी पुरते. जांभ्याच्या पायऱ्या चढताना माणूस आपोआप पुढे वाकतो. कंबर वाकली की मणक्यातली पोकळी थोडी रुंदावते, म्हणून मज्जातंतू दबलेल्या माणसाला चढण सोसते. उतरताना कंबर मागे कलते, पोकळी आवळते आणि कुल्ल्यापासून खाली मुंग्या, बधिरपणा, जडपणा सुरू होतो. धमनी तुंबलेल्याचं बरोबर उलट. चढणीला पोटरीला जास्त रक्त लागतं, ते पोचत नाही, आणि पोटरी तिथेच गोळा धरते.

घरातही फरक दिसतो. विळीवर तासभर बसून मासे कापणारी बाई रेशनच्या रांगेत दहा मिनिटं उभी राहू शकत नसेल, तर आधी मणक्याचा संशय घ्यावा. लावणीच्या वेळी वाकून काम होतं, पण बांधावरून ताठ चालत घरी येताना पाय उचलत नाहीत, ही तक्रारही त्याच जातीची. थांबल्यावर काय होतं तेही विचारा. धमनीवाला नुसता उभा राहिला तरी काही मिनिटांत दुखणं ओसरतं आणि पुन्हा साधारण तेवढंच अंतर चालता येतं. मणक्यावाल्याला उभं राहून आराम नाही, गडग्यावर टेकावं किंवा बसावं लागतं, आणि त्याचं अंतर रोज बदलतं.

मग पायाला हात लावून बघा. पावलाच्या वरच्या बाजूला, अंगठा वर उचलणाऱ्या दोरीसारख्या स्नायूबंधाशेजारी एक नाडी असते आणि आतल्या घोट्यामागे दुसरी. पहिली काही निरोगी माणसांतही लागत नाही, म्हणून दोन्ही तपासायच्या. दोन्ही हरवलेल्या, पाऊल थंड, पोटरीवरचे केस गेलेले, बोटाची जखम महिनाभर भरत नाही, आणि त्यात विडी किंवा मधुमेह असेल, तर आधी रक्तवाहिन्यांचे डॉक्टर. ते घोट्याचा रक्तदाब हाताच्या रक्तदाबाने भागतात. भागाकार ०.९० किंवा त्याहून कमी आला तर धमनी अरुंद आहे. जुन्या मधुमेहात धमनीच्या भिंती टणक होतात आणि आकडा १.४० च्या वर, खोटा चांगला येतो. तिथे पायाच्या अंगठ्याचा दाब मोजावा लागतो.

हे सगळं एमआरआयच्या आधी करावं, असा आमचा आग्रह आहे. साठीपुढच्या पुष्कळ माणसांच्या एमआरआयमध्ये ‘लंबर कॅनाल स्टेनोसिस’, म्हणजे कमरेच्या मणक्यातली पोकळी अरुंद झालीय, असं लिहून येतं आणि त्यांना काडीचा त्रास नसतो. नुसत्या फिल्मवर ऑपरेशन ठरवू नये. तक्रार, तपासणी आणि फिल्म तिन्ही मणक्याच्या एकाच पातळीकडे बोट दाखवत असतील तरच पुढे जावं.

मणक्याची पोकळी बहुधा कमरेच्या चौथ्या-पाचव्या मणक्याच्या मध्ये अरुंद होते. चकती मागे फुगते, सांधे जाड होतात, आणि मागचं पिवळं लिगामेंट जाड होऊन आत दुमडतं. काही महिने व्यायाम आणि औषधं करूनही चालणं आक्रसत गेलं, तर ऑपरेशनचा विचार करतात. पेशंटला पालथं झोपवून एक्स-रेवर पातळी पक्की करतात. ही पायरी घाईत झाली तर भलतीच पातळी उघडली जाते. मधल्या रेषेपासून थोडं बाजूला सुमारे २ सेंटिमीटरची चीर देतात. एकावर एक जाड होत जाणाऱ्या नळ्या सरकवून स्नायू न कापता बाजूला सारतात आणि शेवटी साधारण १८ ते २० मिलिमीटरची नळी ठेवून सूक्ष्मदर्शकाखाली काम चालतं. ड्रिलने हाड पातळ करतात. लिगामेंट मात्र शेवटपर्यंत राखतात, कारण ड्रिल आणि मज्जातंतूंचं आवरण यांच्यात तीच एक ढाल असते. मग टेबल आणि नळी तिरपी करून त्याच छेदातून पलीकडची बाजूही मोकळी करतात. सांधा निम्म्याहून जास्त कोरला गेला तर मणका डळमळू शकतो. आवरण फाटलं तर पाणी झिरपतं आणि उठून बसलं की डोकं ठणकतं. ते शिवतात किंवा चिकटवतात आणि एखाद-दोन दिवस आडवं ठेवतात. मणका आधीच सरकत असेल तर नुसतं मोकळं करून भागेलच असं नाही, कधी स्क्रूही लागतात. म्हणून वाकून आणि मागे झुकून काढलेले एक्स-रे आधी मागून घ्या.

बहुतेकांना त्याच संध्याकाळी किंवा दुसऱ्या दिवशी चालवतात. पायाचं दुखणं लवकर कमी होतं, बधिरपणा महिनोन्‌महिने रेंगाळतो, आणि कंबरदुखी जाईलच असं नाही. साधारण सहा आठवडे पाट, विळी, उकिडवं बसणं आणि भरलेली कळशी बंद. मुंबई किंवा कोल्हापूरहून गाडीने कोकणात परतताना दर पाऊण तासाने उतरून चार पावलं चालावं.

धमनीच्या बाबतीत पहिला इलाज चालणंच. आठवड्यातून तीनदा, ३० ते ४५ मिनिटं, दुखेपर्यंत चालायचं, थांबायचं, पुन्हा चालायचं, असं किमान १२ आठवडे. सोबत तंबाखू पूर्ण बंद आणि गोळ्या. तरीही भागलं नाही तर जांघेतून फुगा किंवा स्टेंट (धमनी उघडी ठेवणारी जाळीची नळी) घालतात. तिथे टाक्यांऐवजी जांघेतला रक्तस्राव सांभाळावा लागतो आणि एक्स-रेवर धमनी दिसावी म्हणून सोडलेल्या रंगद्रव्याने मूत्रपिंडावर ताण येतो. स्टेंट पुन्हा अरुंदही होतो.

एकाच माणसाला दोन्ही असणंही दुर्मीळ नाही. पायाला जखम असेल तर आधी रक्तपुरवठा, मणका नंतर. स्टेंटनंतरच्या रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या मणक्याच्या ऑपरेशनसाठी स्वतःहून बंद करू नका, दोन्ही डॉक्टरांना एकमेकांशी बोलायला लावा.

दोन प्रसंगांत थांबायचं नाही. लघवी अडली, किंवा बसायची जागा बधिर झाली, तर त्याच दिवशी एमआरआय. आणि पाय अचानक थंड, पांढरा पडला, बोटं हलेनाशी झाली, तर हातात मोजके सहा तास असतात, आणि त्यातले दोन-तीन घाटातच जातात. निघतानाच पुढच्या हॉस्पिटलला फोन करून रक्तवाहिन्यांचे सर्जन आहेत का, एवढं विचारून घ्या.