स्क्रिप्ट कुठे आहे आणि आपण कुठे आहोत

हाताने चालवली की बिनबोभाट चालणारी स्क्रिप्ट क्रॉनमध्ये, म्हणजे ठरल्या वेळी कामं आपोआप चालवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये, टाकली की ‘मॉड्यूल (कोडची वेगळी फाइल) सापडलं नाही’ म्हणून अडून बसते. कोडमध्ये काडीचा फरक नसतो. फरक असतो चालू डिरेक्टरीचा, म्हणजे प्रोग्रॅम ज्या फोल्डरमध्ये उभा आहे त्याचा. क्रॉन सहसा होम डिरेक्टरीतून सुरुवात करतो आणि ‘शेजारच्या लिबमध्ये (लायब्ररीच्या फोल्डरमध्ये) बघ’ हा सापेक्ष पत्ता तिथून भलतीकडेच नेतो.

युनिक्समध्ये प्रत्येक प्रोसेसला, म्हणजे चालू असलेल्या प्रोग्रॅमला, चालू डिरेक्टरी असतेच. स्क्रिप्टची फाइल कुठे पडली आहे, हे मात्र ती कोणत्या नावाने हाकारली यावरून ताडावं लागतं. पर्ल या भाषेत हे काम फाइंडबिन मॉड्यूल करतं. समजा, खरी स्क्रिप्ट ‘/ऑप्ट/हिशोब/बिन’मध्ये आहे आणि ‘/यूएसआर/लोकल/बिन’मध्ये तिची नुसती सिम्लिंक, म्हणजे खऱ्या फाइलकडे बोट दाखवणारी नोंद, आहे. फाइंडबिनचं ‘बिन’ सिम्लिंकची जागा सांगतं, ‘रिअलबिन’ खरी जागा. लायब्ररी खऱ्या स्क्रिप्टच्या शेजारी असेल तर ‘रिअलबिन’च हवं. हा पाथ ‘यूज लिब’नेच द्यावा. नवखे तो साध्या ओळीने मॉड्यूल शोधायच्या जागांच्या यादीत ढकलतात आणि फसतात, कारण मॉड्यूल मागवणाऱ्या ‘यूज’ची सगळी शोधाशोध ती ओळ चालण्याआधी, कंपाइल होतानाच उरकलेली असते.

पर्लच्या या यादीत शेवटी एक टिंब असायचं, म्हणजे चालू डिरेक्टरी. शेवटी आहे, मग काय बिघडतं, असं वाटायचं. पण पुष्कळ प्रोग्रॅम एखादं ऐच्छिक मॉड्यूल ‘असलं तर घेऊ’ म्हणून शोधतात. ते इन्स्टॉल नसलं की शोध टिंबापर्यंत पोचतो. रूट (सर्वाधिकार असलेला वापरकर्ता) टेम्प डिरेक्टरीत, म्हणजे कुणालाही फाइल टाकता येणाऱ्या तात्पुरत्या जागेत, उभा असेल आणि कुणी त्या नावाची फाइल तिथे टाकून ठेवली असेल, तर ती रूटच्या अधिकाराने चालते! रूबीने 1.9.2मध्ये, 2010 साली टिंब काढलं. पर्लने 5.26मध्ये, 2017 साली. पीएचपीने 2009मध्ये, 5.3पासून चालू फाइलची डिरेक्टरी सांगणारा स्थिरांकच दिला.

पायथनचा मार्ग मला जास्त शहाणपणाचा वाटतो. फाइल चालवली की यादीत सगळ्यात आधी स्क्रिप्टचीच डिरेक्टरी येते, तीही सिम्लिंक सोडवून. पण म्हणूनच स्वतःच्या फाइलला ‘रँडम’ नाव दिलं की शेजारच्या स्क्रिप्टला पायथनच्या स्वतःच्या ‘रँडम’ मॉड्यूलऐवजी तीच मिळते. ही सवय बंद करण्याचा पर्याय 3.11मध्ये, 2022 साली आला. तोही मागितला तरच लागू होतो.