सड्याखालची वाडी आणि समुद्रातली रेंज

कोकण किनाऱ्यावर मोबाइलची रेंज अंतर बघत नाही. बंदरापासून वीसेक किलोमीटर आत गेलेल्या नौकेवरून तांडेल, म्हणजे नौकेचा प्रमुख, व्यापाऱ्याला मासळीचा भाव विचारू शकतो, आणि टॉवर ज्या सड्यावर, म्हणजे डोंगरमाथ्यावरच्या सपाट कातळावर, उभा आहे त्याच्याच पायथ्याच्या वाडीत लोक रेंजसाठी फोन घेऊन खळ्यात, म्हणजे अंगणात, येतात.

आधी समुद्राकडचं बघू. भारतात मोबाइलवरचं पहिलं संभाषण 31 जुलै 1995 रोजी झालं, कोलकात्याहून ज्योती बसू आणि दिल्लीत सुखराम यांच्यात. ते जीएसएम तंत्र, म्हणजे टूजी. त्यात एकाच वाहिनीवर आठ फोन आळीपाळीने बोलतात, वाडीतल्या विहिरीवर पाळीने पाणी भरावं तसे. एक पाळी 577 मायक्रोसेकंदांची. फोन लांब असला की त्याचा संदेश उशिरा पोचतो आणि पुढच्याच्या पाळीत घुसतो. म्हणून टॉवर त्याला थोडं आधीच बोलायला लावतो. हे 'आधी' जास्तीत जास्त 63 पायऱ्यांचं, आणि एक पायरी साधारण 550 मीटर अंतराची. गुणाकार केला की जेमतेम 35 किलोमीटर. त्यापलीकडे फोनवर काड्या दिसल्या तरी कॉल लागत नाही. ताकद असते, घड्याळ जुळत नाही! एका फोनला दोन पाळ्या देऊन ही हद्द वाढवता येते, पण मग बोलणारे निम्मे होतात.

थ्रीजीबद्दल कोकणापुरतं फारसं सांगण्यासारखं नाही. फोरजीच्या मानकात मात्र 100 किलोमीटरपर्यंतच्या अंतराची सोय आहे. आता आडवी येते ती पृथ्वीची गोलाई. समुद्रसपाटीपासून 40 मीटर उंचीवरच्या अँटेनाचं रेडिओ-क्षितिज, म्हणजे तिच्या लहरी सरळ पोचतात ती हद्द, सुमारे 26 किलोमीटरवर असतं. तीच अँटेना सड्यावर, 150 मीटरवर नेली की सुमारे 50. नौकेवरचा फोन पाण्यापासून जितका उंच, तितकी त्यात थोडी भर.

उन्हाळ्यात हा हिशेबही कोलमडतो. जमिनीवरची तापलेली कोरडी हवा समुद्रावरच्या दमट, थंड हवेवर पसरते आणि तिच्याखाली लहरी अडकून पाण्यालगत वाकत वाकत लांबवर जातात. दुसऱ्या महायुद्धात मुंबईतल्या 200 मेगाहर्ट्झच्या रडारला याच कारणाने अरबस्तानचा किनारा दिसत असे. हे ऐकायला गमतीचं वाटतं, पण नेटवर्क चालवणाऱ्यांना ती डोकेदुखी आहे: दूरच्या टॉवरचे संदेश भलत्या वेळी येऊन जवळच्यांत मिसळतात.

आता वाडी. सड्याच्या काठाखाली लहरींची सावली पडते. 900 मेगाहर्ट्झची लहर सुमारे 33 सेंटिमीटर लांब, ती कडेवरून थोडीफार खाली वळते. फाइव्हजीच्या 3.5 गिगाहर्ट्झच्या पट्ट्यातली लहर साडेआठ सेंटिमीटरची. ती फारशी वळत नाही, आणि आंब्या-फणसाची ओली पानं नि चिऱ्याच्या जाड भिंती तिला शोषून घेतात. वेग हवा तर वारंवारतांचा रुंद पट्टा लागतो, आणि रुंद पट्टे वरच्या वारंवारतांतच मोकळे आहेत. त्यामुळे मोबाइल-तंत्राची नवी पिढी आधी सपाट, दाट वस्तीच्या शहरात रुजते. दऱ्याखोऱ्यांना सोयीचा 700 मेगाहर्ट्झचा पट्टा 2016 आणि 2021 च्या सरकारी लिलावांत महाग म्हणून कुणीच घेतला नाही. तो 2022 मध्ये विकला गेला. माझ्या मते कोकणासाठी त्या लिलावातली मोठी बातमी हीच होती, फाइव्हजीचा वेग नव्हे.

राहिला पाऊस. 'पावसाने रेंज गेली' हे आपण म्हणतो ते अर्धंच खरं. फोन आणि टॉवर यांच्यातल्या लांब लहरींना सरी फारशा अडवत नाहीत. पण जिथे फायबर पोचलेली नाही तिथे एक टॉवर दुसऱ्याशी मायक्रोवेव्हच्या गोल तबकडीतून बोलतो. त्या लहरी एक-दोन सेंटिमीटरच्या, आणि आषाढातले टपोरे थेंब त्यांना विखुरतात. अशा वेळी फोनवर काड्या पूर्ण दिसतात, इंटरनेट मात्र हलत नाही. आणि वीज गेली की टॉवर बॅटरीवर नि डिझेलवर किती तास तग धरतो, एवढाच प्रश्न उरतो. 3 जून 2020 च्या निसर्ग चक्रीवादळानंतर श्रीवर्धन, मंडणगड, दापोलीकडे खांब आडवे झाले, तेव्हा वीज आणि मोबाइल दोन्ही एकदमच गेले होते.