बांगलादेशातील सौरवीज : आधी घरोघरी, आता ग्रिडसाठी

बांगलादेशात सौरवीज कितपत वाढेल, अशी चर्चा निघाली की लगेच मेगावॅटचे आकडे पुढे येतात. या देशाने ती एकदा झपाट्याने वाढवून दाखवली होती, हे मात्र विसरले जाते.

ग्रामीण विद्युतीकरण मंडळ 1977 मध्येच स्थापन झाले. पण नद्यांनी चिरलेल्या मुलखात, त्यातही 'चर' म्हणजे नदीपात्रातल्या गाळाच्या बेटांवर, तारा ओढणे परवडत नव्हते. 1996 मध्ये गरिबांना छोटी कर्जे देणाऱ्या ग्रामीण बँकेच्या परिवारातून, घरोघरी सौरसंच पोचवणारी 'ग्रामीण शक्ती' ही संस्था निघाली. 2003 पासून 'इडकॉल' या सरकारी वित्तसंस्थेने जागतिक बँकेच्या मदतीने घरगुती सौरसंचांचा मोठा कार्यक्रम हाती घेतला. पत्र्याच्या छपरावर 50 वॅटच्या आसपासचे पॅनेल, घरात बॅटरी, तीन-चार दिवे, मोबाइल चार्जिंगची सोय आणि जमलेच तर छोटा कृष्णधवल टीव्ही. थोडे पैसे आधी भरायचे, बाकीचे दोन-तीन वर्षांच्या हप्त्यांत. हप्ता न्यायला येणारा माणूस बॅटरीतले पाणीही बघून जाई. सगळ्या योजनेचा कणा हा माणूसच होता, असे मला वाटते. 50,000 घरांचे उद्दिष्ट मुदतीच्या तीन वर्षे आधी, 2005 मध्येच पूर्ण झाले. पुढे संचांची संख्या 40 लाखांवर गेली.

2013 नंतर विक्री घसरली. गावोगाव ग्रिड, म्हणजे वीजवाहिन्यांचे जाळे, पोचू लागली, शिवाय सरकारी योजनांतून संच फुकट मिळू लागले. मग हप्ते कोण भरणार? मार्च 2022 मध्ये देशभर वीज पोचल्याची घोषणा झाली.

या लाखो संचांनी रॉकेलचे दिवे विझवले, पण देशाच्या एकूण वीजनिर्मितीत त्यांची भर नगण्यच होती. 2008 च्या धोरणात 2015 पर्यंत 5 टक्के आणि 2020 पर्यंत 10 टक्के वीज अक्षय स्रोतांतून मिळवायचे ठरले होते. दोन्ही उद्दिष्टे हुकली. हाताशी स्वस्त देशी गॅस असल्यावर घाई कोणाला? तो अपुरा पडला, 2018 पासून द्रवरूप गॅस आयात करावा लागला आणि 2022 मध्ये त्याचे भाव भडकताच भारनियमन आले.

आता ग्रिडसाठी मोठे सौरप्रकल्प उभारायचे, तर अडचण जमिनीची आहे. एका मेगावॅटला तीन-चार एकर लागतात आणि इथे इंच इंच जमीन पिकाखाली. गायबांधा जिल्ह्यातला 200 मेगावॅटचा प्रकल्प तिस्तेकाठच्या चरभूमीवर उभा राहिला, पण अशा जागा मोजक्याच. म्हणून लक्ष कारखान्यांच्या छपरांकडे वळले आहे. 2018 पासून नेट मीटरिंगची, म्हणजे जास्तीची वीज ग्रिडला देऊन ती बिलात वळती करून घेण्याची सोय आहे, आणि कापड कारखान्याचे काम मुख्यतः दिवसा चालत असेल तर बॅटरीचा खर्चही वाचतो.