बोलपट आले आणि कॅमेरा जागेवरच थिजला?

‘सुरुवातीच्या बोलपटांत कॅमेरा पेटीत बंद असायचा, त्यामुळे स्टेशनातली गर्दी, अनोळखी माणसांच्या गाठीभेटी असलं काही दाखवताच येत नसे,’ असं वर्षानुवर्षं फिरत आलं आहे.

यातली पेटी खरी आहे. कॅमेऱ्याची घरघर मायक्रोफोनमध्ये शिरायची, म्हणून १९२८-२९ च्या सुमारास हॉलिवूडमध्ये कॅमेरा आणि कॅमेरामन दोघांनाही एका कोंदट खोलीत कोंडून काचेतून चित्रण होत असे. पण ही अडचण संवाद टिपतानाची. ज्या दृश्यात कुणी बोलत नाही, तिथे कॅमेरा मूकपटासारखाच मोकळा फिरवायचा आणि आवाज नंतर जोडायचा, ही सोय होतीच. शिवाय लवकरच कॅमेऱ्यावरच आवाज दाबणारं आवरण चढवलं जाऊ लागलं आणि खोलीची गरज संपली.

पडताळायला १९२९ चा ‘अ‍ॅप्लॉज’ पाहा. त्यात न्यूयॉर्कचं जुनं पेन स्टेशन दिसतं. ती भव्य इमारत पुढे पाडली गेली, म्हणून मला तर ही दृश्यं फार मोलाची वाटतात. १९३२ चा ‘युनियन डेपो’ जवळजवळ अख्खा स्टेशनात घडतो. ते स्टेशन स्टुडिओत उभारलेलं, पण सुरुवातीलाच कॅमेरा गर्दीतून हिंडत एकेका प्रवाशाचं बोलणं टिपत जातो.

पाहताना ओठांकडे लक्ष द्या. गर्दीच्या दृश्यात गलबला ऐकू येतो, पण कुणाचेच ओठ नीट दिसत नसतील, तर तो आवाज बहुधा मागाहून जोडलेला असतो.