जागा धरणं आणि धाव घेणं: मुलांच्या फुटबॉलमधला रोजचा घोळ

रविवारी सकाळी नाशिकच्या गोल्फ क्लब मैदानावर बारा वर्षांखालच्या मुलांचा सराव सामना चालू असला की कडेने दोन आरोळ्या हमखास येतात. एक, "अरे पळ ना!" आणि दुसरी, "जागेवर थांब!" बऱ्याचदा दोन्ही एकाच मुलासाठी असतात, अर्ध्या मिनिटाच्या अंतराने. तो पळाला तरी बोलणी खातो, थांबला तरी बोलणी खातो. यात त्याची काही चूक नाही. जागा धरणं वेगळं आणि धाव घेणं वेगळं, हे त्याला कुणी नीट फोड करून सांगितलेलंच नसतं. इथे मी तेच करायचा प्रयत्न करतो, कारण मला वाटतं की या वयातल्या निम्म्या चुकांचं मूळ या घोळात आहे.

जागा म्हणजे बॉल आपल्याकडे यायच्या आधी आपण कुठे आहोत. ती चार गोष्टी बघून ठरते: बॉल कुठे आहे, आपले सोबती कुठे आहेत, समोरचे कुठे आहेत आणि गोल कुठे आहे. यातलं काहीही हललं की आपली जागाही दोन पावलं हलते. मुलांचा समज मात्र वेगळा असतो. "मी लेफ्ट विंगर", म्हणजे डाव्या कडेने हल्ला करणारा, म्हटलं की मुलगा फक्कीच्या रेषेला चिकटून उभा राहतो, बॉल पार दुसऱ्या टोकाला गेला तरी तिथेच. त्याला वाटतं, जागा म्हणजे वर्गातला बाक. आणि ज्यांना हे सांगितलेलंच नसतं, ती सगळी बॉलभोवती गोळा होतात. संध्याकाळी द्वारका चौकात गाड्या जशा एकमेकींत अडकतात, तसं.

धाव म्हणजे ठरावीक क्षणी मोकळ्या भागात मारलेली मुसंडी. ती दोन-तीन सेकंदांत संपते. जागा पूर्ण सामनाभर सांभाळायची असते. धावेला मात्र सुरुवात असते, शेवट असतो, आणि तिचं सगळं मोल सुरुवातीच्या क्षणात असतं.

हा फरक मुलांना समजवायला माझ्याकडे खो-खोइतकं चांगलं साधन दुसरं नाही. आठ जण चौकोनात बसलेले असतात, शेजारी-शेजारी विरुद्ध दिशांना तोंड करून. कोण कुठे बसलंय, कुणाचं तोंड कुठे आहे, ही झाली जागा. पाठीवर थाप आणि कानावर "खो" पडला की उठून झेपावायचं, ही झाली धाव. खो मिळायच्या आधी उठलात तर फाउल. हे नाशिकच्या कुठल्याही शाळेतल्या मुलाला सांगावं लागत नाही. मग मी विचारतो, फुटबॉलमध्ये खो कोण देतं? सगळी गप्प होतात. उत्तर असं: खो देतो पास देणाऱ्याचा चेहरा. बॉल ताब्यात घेताना त्याची मान खाली असते. तो बॉल पुढे ढकलून मान वर करतो आणि पाय मागे घेतो, तो क्षण म्हणजे खो. त्याची मान खाली असताना कितीही जोरात पळा, तो तुम्हाला बघतच नसतो.

जागेची ताकद किती असते, याचं उदाहरण म्हणून मी 2 मे 2009 चा रिअल माद्रिद विरुद्ध बार्सिलोना सामना सांगतो. बार्सिलोनाचे प्रशिक्षक ग्वार्दिओलांनी त्या दिवशी मेस्सीला उजव्या कडेवरून काढून मध्यभागी आणलं. पण तो नेहमीच्या स्ट्रायकरसारखा बचावपटूंना खेटून उभा राहिला नाही. माद्रिदचे बचावपटू आणि त्यांची मधली फळी यांच्या बरोबर मधल्या पट्ट्यात राहिला. माद्रिदचे दोन मधले बचावपटू पेचात पडले. मेस्सीवर धावून जावं तर मागे भगदाड, आणि त्या भगदाडात आत घुसायला दोन्ही कडांना आँरी आणि एटो तयार. न जावं तर मेस्सी मोकळा. सामना बार्सिलोनाने 6-2 असा जिंकला, मेस्सी आणि आँरी यांचे दोन-दोन गोल. मुलांना मी एवढंच दाखवतो, की एकाच्या नुसत्या उभं राहण्याने दुसऱ्यांच्या धावेला वाट झाली.

धावेसाठी 2014 च्या विश्वचषकातला नेदरलँड्सच्या व्हॅन पर्सीचा स्पेनविरुद्धचा गोल. पहिला डाव संपत आलेला, नेदरलँड्स एका गोलने मागे. डाव्या कडेला, मध्यरेषेच्या आसपास त्याच्या सोबत्याकडे, ब्लिंडकडे, बॉल होता. त्याने मान वर करून लांब पास उचलला आणि व्हॅन पर्सी बचावपटूंच्या मधून सुटला, तेव्हाच; आधी नाही. पुढचं सूर मारून केलेलं हेडर सगळ्यांना पाठ आहे, पण मुलांकडून मी त्या आधीची दोन सेकंदं पुन्हा पुन्हा बघून घेतो. गोल तिथे झालाय.

आता खरा प्रश्न: मैदानावर चूक झाली की ती कुठली होती, हे ओळखायचं कसं? मी शिट्टी मारून सगळ्यांना आहे तिथे गोठवतो. मग बॉलपासून त्या मुलापर्यंत मनातल्या मनात दोरी ताणतो. दोरीच्या मध्ये समोरचा खेळाडू येत असेल, तर मुलगा त्याच्या सावलीत उभा आहे. ही जागेची चूक, आणि तिला पळणं हा उपाय नाही. बहुतेकदा बाजूला तीन पावलं पुरतात. दोरी मोकळी आहे, पण पास निघायच्या आधीच मुलगा बचावपटूच्या पलीकडे गेलाय? मग चूक वेळेची. त्याला "जागेवर थांब" सांगितलं तर तो पुढच्या वेळी धावणारच नाही, आणि एक चांगली सवय आपल्या हातून मारली जाईल.

ऑफसाइडची भीती याच घोळातून येते. नियम क्रमांक 11 नीट सांगितला की ती बरीच कमी होते. ऑफसाइड जागेत असणं हा गुन्हाच नाही. सोबत्याचा पाय बॉलला लागला त्या क्षणी तुम्ही समोरच्यांच्या अर्ध्यात, बॉलच्याही पुढे आणि शेवटून दुसऱ्या प्रतिस्पर्ध्याच्याही पुढे असाल, आणि मग खेळात भाग घेतलात, तरच शिट्टी वाजते. त्याच्या बरोबरीला असाल तर चालतं. थ्रो-इन, गोल किक आणि कॉर्नरवरून थेट आलेल्या बॉलला ऑफसाइड नसतोच. हे शेवटचं वाक्य ऐकून मुलांचे डोळे चमकतात.

सरावातही दोन्ही वेगवेगळे शिकवावेत, निदान पहिले काही महिने. जागेसाठी साधा चौकोन पुरतो: चार जण कडेला, एक मध्ये, चौकोनाची बाजू आठ-दहा पावलं. मधल्याने बॉल पकडायचा, कडेच्यांनी पास देत राहायचं. यात कुणालाच लांब पळायला वाव नसतो, त्यामुळे सावलीतून बाहेर सरकणं आपोआप शिकलं जातं.

धावेसाठी तिघं लागतात: पास देणारा, धावणारा आणि एक बचावपटू. पास देणाऱ्याने मान वर करेपर्यंत धावणाऱ्याने मुसंडी मारायची नाही, एवढाच नियम. हे जमलं की मी दोन गोष्टी घालतो. पहिली, निघायच्या आधी दोन पावलं बॉलकडे यायचं. बचावपटू मागोमाग येतो आणि त्याच्या पाठीमागची जागा उघडी पडते. दुसरी, वाकडी धाव. सरळ गोलकडे पळालं तर एका सेकंदात बचावाची रेषा ओलांडली जाते, आणि बॉल बघायला मान पूर्ण मागे वळवावी लागते. त्याऐवजी रेषेला समांतर, कमानीसारखं वळत जायचं. त्याने पास निघेपर्यंत ऑनसाइड राहता येतं, बॉल डोळ्यांसमोर असतो, आणि वळण संपतं तिथे पायांत पूर्ण वेग आलेला असतो. कमान शिकवायला वेळ लागतो, दोन-तीन आठवडे सहज. पण एकदा अंगात भिनली की ती जात नाही.

धाव घेतली आणि बॉल आलाच नाही, याचं मुलांना फार वाईट वाटतं. माझ्या वहीत गोल आणि पासशेजारी आणखी एक रकाना आहे: बचावपटूला सोबत ओढून नेणाऱ्या धावा. सामना संपल्यावर तो रकाना मी मोठ्याने वाचतो. गेल्या हंगामात एका मुलाच्या नावावर एकही गोल नव्हता आणि त्या रकान्यात तो सगळ्यांच्या पुढे होता. त्याचे वडील मला येऊन विचारून गेले, "सर, हे नेमकं काय असतं?" मी त्यांना दहा मिनिटं समजावून सांगितलं आणि मला फार बरं वाटलं.

एक गोष्ट मात्र आपल्याकडच्या ऋतूंमुळे बदलावी लागते. एप्रिल-मेमध्ये मैदान दगडासारखं टणक होतं. बचावाच्या मागे सोडलेला बॉल टप्पे खात थेट गोलकीपरच्या हातात जातो. तेव्हा पास जरा हळू आणि तिरका, आणि धावही तिरकी हवी. जुलैत उलट होतं. चिखलात बॉल दहा पावलांवर रुतून बसतो आणि पूर्ण वेगात सुटलेला मुलगा त्याच्या पुढे निघून जातो. म्हणून पावसात मी खेळाडूंमधलं अंतर आधी कमी करून घेतो, पास जमिनीवरून न देता थोडा उचलून द्यायला सांगतो, आणि धावणाऱ्याला बजावतो, की बॉल तुझ्यापर्यंत येणार नाही, तो थांबेल तिथे तुला पोचायचंय.