कवितेच्या पानात हवा किती?

कवितासंग्रह छापायचा ठरला की पहिली चौकशी जीएसएमची होते, म्हणजे एक चौरस मीटर कागदाचं वजन किती ग्रॅम याची. आकडा मोठा तितका कागद उत्तम, असं बरेच जण धरून चालतात. पण मागची अक्षरं पुढून दिसतील का, हे नुसत्या वजनावरून कळत नाही. आणि कवितेच्या पुस्तकात खरी पंचाईत तिथेच होते.

कादंबरीत पाठपोट ओळी एकमेकींच्या बरोबर मागे बसवता येतात, त्यामुळे मागची सावली पुढच्या शाईआड लपते. कवितेची ओळ मध्येच तुटते, कडव्यानंतर जागा सुटते. कवीने हौसेने मोकळ्या सोडलेल्या त्या जागेत मागची कविता करडी होऊन डोकावते.

आता गंमत बघा. कागदातलं सेल्युलोज, म्हणजे त्याचे तंतू ज्याचे बनतात तो वनस्पतींतला पदार्थ, मुळात रंगहीन आणि पारदर्शक असतं. सेलोफेनही सेल्युलोजचंच, आणि त्यातून आरपार दिसतं. मग कागद पांढरा कसा? त्यातल्या हवेमुळे. सेल्युलोजचा अपवर्तनांक, म्हणजे पदार्थात शिरताना प्रकाश किती वळतो हे सांगणारा आकडा, सुमारे १.५३, हवेचा १. प्रकाश एकातून दुसऱ्यात जाताना प्रत्येक सीमेवर त्याचा थोडा भाग परत फिरतो. सरळ पडणाऱ्या किरणासाठी हिशेब असा: दोन अपवर्तनांकांच्या वजाबाकीला बेरजेने भागा आणि उत्तराचा वर्ग करा. इथे साधारण ४.४ टक्के येतात. एका सीमेला हे किरकोळ, पण तंतू आणि पोकळ्यांच्या असंख्य सीमा ओलांडताना प्रकाश इतका विखुरतो की पलीकडचं दिसेनासं होतं. कागदावर तेल सांडलं की पोकळ्यांत हवेऐवजी १.४७ अपवर्तनांकाचं तेल शिरतं. तोच हिशेब आता ०.०४ टक्के देतो, शंभरावा हिस्सा! म्हणून तेलकट डाग आरपार दिसतो.

गुळगुळीत कागदाची मेख इथेच आहे. चकाकी आणण्यासाठी तो रुळांमधून दाबून काढतात, त्याला कॅलेंडरिंग म्हणतात. दाबताना हवा निघून जाते, सीमा घटतात. त्याच वजनाचा फुगीर, किंचित खरबरीत कागद मागची छपाई जास्त लपवतो, शिवाय पातळ संग्रहाला जाडीही देतो. कागदात कॅल्शियम कार्बोनेटची (खडूसारखी) भुकटी घातली की सीमा वाढतात. टायटॅनियम डायऑक्साइड त्याहून प्रभावी, कारण त्याचा अपवर्तनांक २.५ च्या वर आहे; कण मात्र प्रकाशाच्या तरंगलांबीच्या निम्म्याच्या आसपास असावे लागतात.

‘केमिकलविरहित नैसर्गिक कागद’ या जाहिरातीला त्यामुळे भुलू नका. सेल्युलोजही रसायनच आहे. उलट टिकाऊ कागदात कागद खराब करणारं आम्ल शोषायला मुद्दाम कार्बोनेट ठेवतात.

तंतूंची दिशा पुस्तकाच्या कण्याला समांतर हवी, हेही छापखान्याला आधीच सांगा. तंतू ओलाव्याने लांबीपेक्षा रुंदीत कितीतरी जास्त फुगतात, आणि दिशा आडवी पडली तर कण्यापाशी पानांना लाटा येतात.

नमुना मागताना कोरा कागद घेऊ नका. एका बाजूला चार ओळींची कविता, पाठीमागे गच्च मजकूर, असं पान छापून मागा.