जुन्या संगणकांतील ग्राफिक्स ड्रायव्हर व डिस्प्ले सेटिंगचे बिघाड

ऑपरेटिंग सिस्टिमच्या आज्ञा ग्राफिक्स कार्डाला कळतील अशा रूपात पोचवणारा प्रोग्रॅम म्हणजे ग्राफिक्स ड्रायव्हर. तो नसला किंवा चुकीचा असला, की अक्षरे अवाढव्य दिसतात, रंग उतरतात, खिडकी ओढली तर अडखळत सरकते, नाहीतर ‘डिस्प्ले येत नाही’. यातली बरीच लक्षणे कार्ड, केबल किंवा मॉनिटर बिघडल्यावरही दिसतात आणि तिथेच गल्लत होते.

निदानाचा सर्वांत उपयोगी धागा म्हणजे बिघाड नेमका केव्हा दिसतो. संगणक चालू करताच बायोसचा (ऑपरेटिंग सिस्टिमच्या आधी चालणाऱ्या, मदरबोर्डवरच्या प्रोग्रॅमचा) मजकूर उमटतो, तेव्हा विंडोज किंवा लिनक्सचा ड्रायव्हर मेमरीत आलेलाच नसतो. त्या मजकुरातच भलतीसलती चिन्हे किंवा उभ्या रेघा असतील, तर ड्रायव्हर बदलून काही साधत नाही. फुगलेले कपॅसिटर (कार्डावरचे वीज साठवणारे छोटे डबे), थांबलेला पंखा, स्लॉटमध्ये नीट न बसलेले कार्ड हे आधी पाहावे. बायोस स्वच्छ, विंडोजचे चिन्हही स्वच्छ आणि डेस्कटॉप येता येता पडदा काळा, असे झाले तर मात्र संशय ड्रायव्हरवर किंवा सेटिंगवर घ्यावा. घाईत लोक आधी विंडोज नव्याने टाकतात आणि कॅबिनेट सगळ्यात शेवटी उघडतात.

ड्रायव्हर दोषी की सेटिंग, हे विंडोज एक्सपी आणि ७ मध्ये एफ८ दाबून येणाऱ्या यादीतून ठरवता येते. सेफ मोडमध्ये बसवलेला ड्रायव्हर बाजूला ठेवून साधा व्हीजीए ड्रायव्हर वापरला जातो. (व्हीजीए ही आयबीएमने १९८७ मध्ये पीएस/२ संगणकांबरोबर आणलेली पद्धत, ६४०×४८० ठिपके, १६ रंग.) त्याच यादीतला ‘व्हीजीए मोड’, म्हणजे विंडोज ७ मधला कमी रिझोल्यूशनचा पर्याय, बसवलेलाच ड्रायव्हर वापरतो, फक्त रिझोल्यूशन (पडद्यावरच्या ठिपक्यांची संख्या) खाली आणतो. त्यात चित्र आले तर सेटिंग चुकले आहे; चित्र फक्त सेफ मोडमध्येच येत असेल तर ड्रायव्हर काढून टाकावा. हा फरक माहीत नसल्याने पुष्कळ चांगले ड्रायव्हर विनाकारण उडवले जातात.

सेटिंगचा नेहमीचा घोटाळा रिफ्रेश रेटचा, म्हणजे सेकंदाला चित्र किती वेळा नव्याने काढले जाते याचा. जुन्या काचेच्या मॉनिटरवर ६० हर्ट्झला पडदा लुकलुकतो, म्हणून तो ७५ किंवा ८५ वर ठेवलेला असतो. पुढे त्या जागी एलसीडी आला की ‘आउट ऑफ रेंज’ अशी पाटी झळकते. बदल करताना पडदा काळा झाला तर काहीही न दाबता थांबावे. १५ सेकंदांत विंडोज स्वतःहून जुन्या सेटिंगवर येते.

कधी हवे ते रिझोल्यूशन यादीतच नसते. मॉनिटर आपली क्षमता व्हीजीए केबलच्या १२ आणि १५ क्रमांकांच्या पिनांवरून कार्डाला कळवतो. त्यातली एखादी वाकली असेल, तर चित्र उत्तम येते, पण संगणकाला मॉनिटर ओळखू येत नाही. फार जुन्या कार्डांत कारण निव्वळ हिशेबाचे असते. १०२४×७६८ ठिपक्यांना ३२ बिट रंग द्यायचे तर ३ एमबी मेमरी लागते, १६ बिटांना दीड. २ एमबीच्या कार्डावर ३२ बिटांचा पर्याय दिसतच नाही, आणि दोष ड्रायव्हरच्या माथी येतो.

डिव्हाइस मॅनेजरमध्ये कार्डाचे नाव न दिसता पिवळे उद्गारचिन्ह असेल, तर हार्डवेअर आयडी वाचावा. त्यात निर्मात्याचा क्रमांक असतो: एनव्हिडिया १०डीई, एटीआय (२००६ पासून एएमडीकडे) १००२, इंटेल ८०८६. शेवटचा क्रमांक इंटेलने गमतीने घेतला असावा. त्यांचा १९७८ चा प्रोसेसरही ८०८६ च. एजीपी कार्ड (जुन्या मदरबोर्डवरच्या ग्राफिक्ससाठीच्या खास स्लॉटमध्ये बसणारे) असेल तर मदरबोर्डच्या चिपसेटचा, म्हणजे त्याचे भाग जोडणाऱ्या चिपांचा, ड्रायव्हर आधी टाकावा. एका कंपनीचे कार्ड काढून दुसरीचे बसवताना जुना ड्रायव्हर सेफ मोडमध्ये पुरता काढलेला बरा.

काही बिघाडांना उपाय नसतो, कारण तो बिघाडच नसतो. विंडोज व्हिस्टाने डब्ल्यूडीडीएम ही नवी ड्रायव्हर रचना आणली, आणि विंडोज ८ ने एक्सपीच्या काळातल्या ड्रायव्हरना दारच बंद केले. अशा कार्डावर मायक्रोसॉफ्टचा ‘बेसिक डिस्प्ले’ ड्रायव्हर चालतो: अक्षरे दिसतात, व्हिडिओ मात्र अडखळतो. ‘ड्रायव्हरने प्रतिसाद देणे थांबवले आणि तो पूर्ववत झाला’ हा संदेशही व्हिस्टापासूनचा. कार्ड साधारण २ सेकंद गप्प राहिले, की विंडोज त्याला नव्याने सुरू करते. क्वचित आला तर दुर्लक्ष करावे. रोजच येऊ लागला तर ड्रायव्हरइतकाच संशय तापलेल्या कार्डावर आणि दमलेल्या पॉवर सप्लायवर घ्यावा.

लिनक्समध्ये चित्र काळेच राहिले, तर बूट करताना कर्नलला, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याला, ‘नोमोडसेट’ (nomodeset) हा शब्द द्यावा. चित्र कमी रिझोल्यूशनचे येते, पण दुरुस्तीपुरते पुरते. जुन्या रेडिऑन कार्डांचा ड्रायव्हर कर्नलमध्येच असल्याने, विंडोजने वाऱ्यावर सोडलेली कितीतरी कार्डे तिथे वेगळे काही न बसवता चालतात.